सिग्नलच्या अलीकडची बाभूळ

भोंगवली, १३ नोव्हेंबर २०२२

माऊलीदादा,

सोबतच्या फोटोत इंजिनाच्या केबिनमध्ये, माझ्या बाजूच्या खिडकीशी बसलेला माणूस तू आहेस. फोटो मोठा करून पाहिला. भुवईवरची खूण दिसते.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. मिरजेच्या क्वार्टरचा पत्ता माया वहिनींनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तीनदा मागितला तेव्हा दिला.

मी तुझ्या मागावर नाही. मी डिझेल इंजिनांचे फोटो काढते, मालगाड्या ओढणाऱ्या. शिरवळच्या कारखान्यात गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी स्कूटी घेऊन वाल्हे आणि नीरेच्या मधल्या वळणावर जाते. रेल्वेच्या हद्दीत पाय ठेवत नाही. रतनबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या बांधावर उभी राहते. विजेचे खांब लागले आहेत, तारा ओढल्या की डिझेल कमी होत जाणार. त्याआधी जितकी मिळतील तितकी इंजिनं मला हवी आहेत. रतनबाईंना हे पटत नाही. म्हणतात, "आगं, त्या काळ्या धुडाचा कसला फोटू काढती? ती काय नवरी हाय व्हय?" तरी गाडीचा आवाज आला की खुरपं टाकून माझ्याआधी त्याच बघतात.

तू कोणत्या गाडीवर असतोस हे मला माहीत नसतं. मागच्या हिवाळ्यात एकदा अचानक सापडलास. सिमेंटच्या वाघिणी होत्या, केबिन इंजिनाच्या पुढच्या टोकाला होती, म्हणून काचेतून दोघंही दिसत होतात. सिग्नल दिसला की तुम्ही हात त्याच्याकडे करून त्याचा रंग मोठ्यानं एकमेकांना सांगता, ते मला तेव्हा कळलं. वळणावर एक बाभूळ आहे. इंजिन तिच्यापाशी आलं आणि तुझा हात वर गेला. फोटो चांगला आला होता.

या वेळचा तितका चांगला नाही. मी पिवळा कुर्ता घालून बांधावर उभी होते. मुख्य पायलटनं, म्हणजे गाडी चालवणाऱ्यानं, मला पाहून हात हलवला. तू सरळ समोर बघत राहिलास. समजलं. सहा वर्षं झाली तरी तू त्याच जागी आहेस, तर राहा.

अण्णा बरे आहेत. अंगणापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधली आहे, तिच्या आधारानं जातात. तुझं नाव काढत नाहीत. भोरच्या एसटी स्टँडवर चार माणसांत तू त्यांच्या हातातून टेम्पोची चावी काढून घेतलीस, एवढंच त्यांना आठवतं. भाटघरच्या वळणावर कठडा घासला होता, ते आठवत नाही.

फोटो परत पाठवू नकोस. माझ्याकडे प्रत आहे.

सुलक्षणा


भोंगवली, १५ जानेवारी २०२३

माऊलीदादा,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी हे पत्र पूर्ण वाच.

डिसेंबरात तू दोनदा सापडलास, जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी पुन्हा. मी गाडी दिसल्यापासून जाईपर्यंत सलग फोटो घेते, त्यामुळे तुझा हात नेमका कुठे वर गेला ते सांगता येतं. मागच्या हिवाळ्यात बाभळीपाशी. नोव्हेंबरात बाभळीपुढची ओढ्यावरची मोरी ओलांडल्यावर. या वेळी इंजिन सिग्नलच्या जवळजवळ पायाशी आलं होतं.

आधी मला वाटलं, लेन्समुळे अंतर दबून दिसतं. मी उभी राहते ती जागा मोजून तपासली, तीच आहे. मग वाटलं, गाडी सावकाश असेल. तसंही नव्हतं. मग लक्षात आलं की दुसऱ्या रुळाच्या कामासाठी सिग्नल हलवला आहे. जुन्या जागी तुला पाठ होता, नव्या जागी शोधावा लागत असेल. हे कारण मला आवडलं. दोन दिवस बरी झोपले.

मग मी बाकीच्यांचे फोटो काढून बसले. त्याच वळणावर, त्याच नव्या सिग्नलसाठी, माझ्याकडे इतर बऱ्याच जोड्या आहेत. सगळ्यांचे हात बाभळीपाशी जातात. थोडे पुढे-मागे, पण बाभळीपाशी.

मी मोजमापाचं काम करते. एकच भाग सतत एकाच दिशेनं सरकत असेल तर मशीनमध्ये काहीतरी झिजतं आहे, एवढं मला कळतं. काय झिजतं आहे ते मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे. अण्णांचं कसं सुरू झालं ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस.

नोव्हेंबरात तू मला मुद्दाम पाहिलं नाहीस, असं मी लिहिलं होतं. ते मी परत घेते. तू मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं.

डोळे तपासून घे. फक्त अक्षरांचा तक्ता वाचून नाही. बाजूचं किती दिसतं ते मोजतात, ते मशीन वेगळं असतं. सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड आहे. "तपासले" एवढंच लिहून टाक.

सुलक्षणा


भोंगवली, १९ फेब्रुवारी २०२३

माऊलीदादा,

कार्ड आलं नाही. वहिनींचा फोन आला. त्या भोरला माहेरी आल्या होत्या, तिथून केला.

म्हणाल्या, "ताई, त्यांनी तुमचं पत्र फाडलं नाही बरं का. कपाटावर ठेवलंय. पण म्हणाले, तिला सांग, माझं काम मला कळतं, तिनं तिचे नट-बोल्ट मोजावेत."

मी म्हटलं, "मी नट-बोल्टच मोजते."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या घरात सगळेच असे धडपडे आहेत का? आमच्याकडे रोज काहीतरी सांडतं. ताटाशेजारचा तांब्या उडतो. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, तो पण दर वेळी उजवाच. मी म्हणते, अहो, दार काय आज बसवलंय का? तर म्हणतात, झोप झाली नाही. मालगाडीची ड्युटी म्हणजे झोपेचं खोबरंच असतं, ते मला माहितीये. पण झोप झाल्यावर पण लागतो."

त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही ऐकताय ना?"

मग त्यांनी ती बातमी सांगितली. आनंदानंच सांगितली. पायलटच्या प्रशिक्षणासाठी तुझं नाव लागलं आहे, मे महिन्यापासून. "पेढे देते, पण तुम्ही दोघं बोलायला लागलात तर."

आजवर मी स्वतःला सांगत होते की शेजारी दुसरा माणूस आहे. त्याला सिग्नल दिसतो, ब्रेक त्याच्या हातात आहे, तू फक्त सहायक आहेस. आता त्या खुर्चीवर तू बसणार. मागे पन्नासेक वाघिणी, कधी सिमेंटच्या, कधी तेलाच्या. समोर वाठारच्या बाजूची वळणं. आणि शेजारी एखादा नवा मुलगा, जो तुझ्यावर भरवसा ठेवेल.

काल कामावर मी एकच शाफ्ट दोनदा मोजला. दोन्ही वेळा माप वेगळं आलं. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी हो म्हटलं.

वहिनींना मी काहीही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

सुलक्षणा


भोंगवली, २६ मार्च २०२३

माऊलीदादा,

मी अण्णांना सांगितलं. तुला हे आवडणार नाही.

त्याआधी एक गोष्ट, जी मी गेल्या दोन पत्रांत लिहिली नाही. जानेवारीत पुण्याला जाऊन मी माझे डोळे दाखवले. मला काचबिंदूच आहे, अण्णांचाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही घरांत हा तरुणपणीच येतो. डोळ्यातला दाब वाढलेला आहे, एका बाजूचा थोडासा भाग गेलेला आहे. मला पत्ताही नव्हता. मी त्याच डोळ्यानं कॅमेऱ्यातून बघते, आणि मला पत्ता नव्हता. मधलं सगळं स्वच्छ दिसतं, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं रोजच्या थेंबांवर टिकतं. भावंडं आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक भाऊ आहे. काय करतो? मी म्हटलं, रेल्वेत असतो. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसले, तेव्हा भीती वाटली ती माझ्या डोळ्यांची नव्हती.

अण्णा गोठ्यासमोर बसले होते. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला. मी सरळ करून दिला नाही. काय दिसतं ते एकेक करून सांगत गेले. बाभूळ, मोरी, सिग्नल, केबिनमधली दोन माणसं.

त्यांनी विचारलं, "दोगं बी हात करत्यात?"

"हो."

"आदी कुणाचा जातुया?"

हे मी पाहिलंच नव्हतं. मी फक्त तुझा हात बघत होते. घरात जाऊन लॅपटॉपवर सगळे फोटो पुन्हा लावले. दादा, पहिल्या फोटोत आधी तुझा हात आहे. नोव्हेंबरापासून प्रत्येक वेळी आधी त्या पायलटचा, मग तुझा.

बाहेर येऊन सांगितलं. अण्णा बराच वेळ दोरी चाचपत राहिले.

"मंग त्याला दिसत न्हाई," ते म्हणाले. "ऐकतुया त्यो. म्होरल्यानं सांगितलं की ह्यो हात उचालतुया. म्या बी तसंच करायचो. वेल्ह्याकडनं दूध घिऊन धरणाच्या कडंकडंनं यायचं. क्लीनरला, त्या गेनूला, सारखं बोलतं ठिवायचो. गेनू, म्होरं कोन हाय रं? गेनू, एसटी आली का? त्याला वाटायचं, अण्णाला गप्पांचा लई नाद. एक दिस त्यो तंबाखू मळत बसला आन् बोललाच न्हाई. त्याच दिशी कठडा घासला."

सहा वर्षांत कठड्याची गोष्ट ते पहिल्यांदा बोलले.

आई आतून म्हणाली, "आता सांगताय व्हय? पोरगं घर सोडून गेलं तवा कुटं गेली हुती तुमची जीभ?"

"तू गप."

"न्हाई गप. तवा बी गपच हुते."

अण्णांनी फोटो मला परत दिला नाही. बंडीच्या खिशात ठेवला. रात्री जेवले नाहीत. सकाळी मी कामाला निघाले तर दारात उभे. म्हणाले, "मिरजंला कंची गाडी जाती? चल. त्याची चावी काडून आणू."

मी म्हटलं, आधी मला एक पत्र लिहू दे. ते हे.

सुलक्षणा


भोंगवली, ९ एप्रिल २०२३

माऊलीदादा,

हे पत्र छोटं आहे.

पुढच्या रविवारी मी आणि अण्णा मिरजेला येतो आहोत. तू घरी असशील किंवा नसशील. नसलास तर दारात बसू.

तू स्वतः वरिष्ठांना सांगितलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. सांगितलं नाहीस तर सोमवारी मी तुमच्या ऑफिसात जाईन, सगळे फोटो घेऊन. मी चौकशी केली आहे. डोळ्यांमुळे गाडीवरून उतरवलं तर दुसरं काम देतात. नोकरी जात नाही, गाडी जाते. गाडी जाणं म्हणजे तुझ्यासाठी काय, हे मला कळतं. मी स्वतः कडक उन्हात बांधावर उभी राहून इंजिनांची वाट बघते.

मला हे करायचं नाही. भोरच्या स्टँडवर तूही हौसेनं गेला नव्हतास, असं आता वाटतं.

गेल्या गुरुवारी मी गेले नाही. पहिल्यांदाच. तू दिसशील अशी भीती होती. मग घरी दिवसभर वाटत राहिलं, आज तू गाडीवर असशील आणि शेजारचा माणूस गप्प बसला असेल.

सुलक्षणा


भोंगवली, १८ जून २०२३

माऊलीदादा,

अण्णा तुझ्याकडे राहिले ते राहिलेच. आई म्हणते, "दोन आंधळ्यांत माया एकटी काय करंल?" मी सांगितलं की तू आंधळा नाहीस. ती म्हणाली, "म्हाईत हाय गं, म्हणून तर थट्टा करती." हे म्हणताना ती पदरानं डोळे पुसत होती, तेही लिहून ठेवते.

त्या रविवारचं आपण कोणीच बोललो नाही. पण तुझ्या दारात घडलेली एक गोष्ट तुला दिसली नाही. ती तुला सांगायला हवी. अण्णा सांगणार नाहीत आणि वहिनी आत होत्या.

तू युनिफॉर्ममध्ये दार उघडलंस. ड्युटीचा कॉल आलेला होता, लाल-हिरव्या झेंड्यांची पत्र्याची पेटी उंबऱ्याशी तयार होती. मी पायरीवर तुझ्या बरोबर समोर होते. अण्णा माझ्या शेजारी होते, तुझ्या ज्या खांद्याला चौकट लागते त्या बाजूला. हात लांब केला असतास तर त्यांना लागला असता. सकाळी त्यांनी नवा पांढरा सदरा घातला होता, टोपीला इस्त्री करायला लावली होती. तुला दिसावं म्हणून ते ताठ उभे होते, छाती पुढे काढून.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "एकटीच आलीस?"

अण्णांच्या तोंडाकडे मी तेव्हा पाहिलं. जे दिसलं त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. इतक्या वर्षांनी लेकाच्या दारात आलेल्या माणसाला राग यायला हवा होता. राग नव्हता. ते घाबरले होते. अण्णांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, डोळे गेले तेव्हाही नाही. त्यांनी माझा हात शोधला आणि इतका घट्ट धरला की बांगडी वाकली.

मग ते म्हणाले, "न्हाई रं. म्या बी हाय."

तू मान पूर्ण वळवलीस. अण्णा आवाजाकडे वळवतात तशीच.

पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालास, "अण्णा, आत या, पण मला निघायचंय, गाडी उभी आहे." अण्णांनी काठीनं पेटी चाचपली आणि तिच्यावर बसले. तू म्हणालास, "अण्णा, उठा." ते म्हणाले, "तू माजी चावी घेटलीस तवा म्या तुला शिव्या दिल्या. आता तू दे. म्या उटत न्हाई." शेजारचे बाहेर येऊन बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "अहो, काय चाललंय?" आणि तुझा फोन वाजला. कॉल देणारा माणूस विचारत होता, निघालास का. तो आवाज पायरीवर मलाही ऐकू येत होता. तू म्हणालास, "साहेब, माझ्या जागी दुसरा माणूस बोलवा. मला बाजूचं दिसत नाही."

ते वाक्य तुझ्याकडे किती दिवस तयार होतं, हे मी विचारणार नाही.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं जे सांगितलं ते वहिनींनी कळवलं. डावा बराच शाबूत आहे. थेंब चुकवू नकोस. मी रात्री थेंब घालते तेव्हा तुला मिस कॉल देईन, तू घातलेस की मला दे. नंबर सुरू केलास हे माझ्या लक्षात आलं आहे.

कंट्रोल ऑफिसातली खुर्ची तुला आवडणार नाही. वहिनी म्हणाल्या, पहिल्या दिवशी घरी आलास आणि कुणाशी न बोलता पेटीतल्या झेंड्यांच्या घड्या घालत बसलास. अण्णांनी तुझ्याजवळ बसून विचारलं, "कंचा रंग वर हाय?" आणि तू म्हणालास, "हिरवा."

गुरुवारी मी बांधावर गेले. तारा आता वळणापर्यंत आल्या आहेत. रतनबाईंना मी तुझा फोटो दाखवला होता, त्यांनी विचारलं, "तुजा त्यो भाऊ दिसंना हल्ली?" मी म्हटलं, "घरी असतो." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. तू लई भ्यालेली दिसायचीस, म्या इचारलं न्हाई."

तेवढ्यात मालगाडी आली. डिझेलच होतं, भरपूर धूर, केबिन पुढे. तुझ्या जागी एक तरुण मुलगा होता. मला कॅमेरा उचलवेना. मग उचलला. त्याचा हात वेळेवर गेला, शेजारच्याच्या आधी.

तोच फोटो पाठवते आहे. मोठा करून घेतला आहे. बाभूळ अगदी कडेला आहे, तुझ्या उजवीकडे. मान वळव, दिसेल.

सुलक्षणा